चार नंबरची खासगी खिडकी

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी माझं सायबर कॅफे होतं. आठ मशीन, प्लायवूडचे आठ कप्पे, दारात पायपुसणं आणि माझ्या टेबलावर गिऱ्हाइकांची नावं लिहायची वही. मी मूळचा पेठ वडगावचा. पाच वर्षं एका संस्थेत कॉम्प्युटर शिकवला, तिथल्या साहेबांशी पटेना, मग हे काढलं. बायको संघप्रिया महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिची शाळा सकाळची, त्यामुळं दुपारी एकच्या सुमारास ती डबा घेऊन यायची, आम्ही टेबलामागं बसून जेवायचो आणि ती घरी जायची. दोन हजार नऊ साली माझं एकूण छान चाललं होतं. तक्रार करायला जागा नव्हती, आणि मी तक्रार करायला जागा शोधणारा माणूस आहे.

त्या वर्षी ब्राउझरची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात खासगी खिडकी आली. ती उघडून काय वाट्टेल ते बघा, बंद केली की तुम्ही कुठं गेलात, काय शोधलंत, याचा मागमूस मशीनवर राहत नाही. मी खूश झालो. त्याआधी रोज आठही मशीनांची हिस्टरी मी हातानं पुसायचो. एखादं मशीन राहून गेलं तर पुढच्या माणसानं एक अक्षर दाबायचा अवकाश, मागच्याची सगळी कुंडली खाली उलगडायची. एका माणसाची बदलीची गुपचूप खटपट अशीच त्याच्या मेव्हण्याच्या हाती लागली होती, आणि दोघंही माझ्या दारात येऊन भांडले होते.

खासगी खिडकीनं कसं वागावं, याबद्दल माझी मतं ठाम होती. मागचं काही ठेवू नये. शेजारच्याला कळू देऊ नये. आणि जे जमत नाही ते जमतं म्हणून सांगू नये. उतरवून घेतलेली फाईल मशीनवर राहतेच, इंटरनेट पुरवणाऱ्याला दिसायचं ते दिसतंच, हे मी प्रत्येकाला तोंडावर सांगायचो. बाकी सगळं ही खिडकी पोटात ठेवते आणि पोटातलंही विसरते, असा माझा शब्द होता. लोक त्या शब्दावर यायचे.

अडचण एकच, आमची माणसं. गडमुडशिंगीचे हंबीरराव दर आठवड्याला यायचे. दुधाचा धंदा, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. ते खासगी खिडकी मागून घ्यायचे, कप्प्यात शिरून पडदा ओढायचे आणि आतून ओरडायचे, "ओ प्रसेनजीत, मूळव्याधीला इंग्रजीत काय म्हणत्यात?" मग दुसऱ्या कप्प्यांतून दोघं-तिघं उत्तर द्यायचे. टायपिंग कुणाला येत नसे. बहुतेक जण मलाच बोलवायचे, मी शेजारी उभा राहायचो, ते सांगायचे आणि इंग्रजी अक्षरांत मराठी मी बडवायचो. अर्ध्या शाहूपुरीची गुपितं माझ्याच बोटांतून गेली असतील.

रोज सकाळी दुकान उघडलं की मी प्रत्येक मशीनवर खासगी खिडकी उघडून तपासायचो. शोधायचं लिहितात त्या वरच्या पट्टीत गेलं की खाली यादी रिकामी दिसली पाहिजे. दिवाळी झाल्यावरच्या एका मंगळवारी सात मशीनांवर ती रिकामी दिसली. चार नंबरवर एक ओळ होती.

‘म्हैस बसली उठत नाही काय करावे.’

मी खिडकी बंद केली. पुन्हा उघडली. मशीन बंद करून चालू केलं. सगळं पुसलं. ओळ होती तिथंच होती. मला राग आला, कारण माझा शब्द खोटा पडत होता. आदल्या दिवशीची वही काढली. चार नंबरवर दोनच जण बसले होते, एक रेल्वेचं तिकीट बघणारा आणि एक निकाल बघणारी. म्हशीचा कुणाशी संबंध नव्हता.

गुरुवारी हंबीरराव आले. रिकामा चार नंबरच होता.

"लिवा," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक होता. "म्हैस बसली."

"काय?"

"म्हैस बसली, उठत न्हाय, काय करावं. लिवा की."

माझी बोटं थांबली. मी मुद्दाम ‘म्हशीचे आजार’ असं लिहायला घेतलं, तर त्यांनी माझा दंडच धरला. "मी सांगतोय तसं लिवा. आपलं डोकं लावू नका."

"कधी बसली?"

"आज सकाळच्याला. काल सांजच्याला धा लिटर दिलंय तिनं."

मी ते सांगतील तसं लिहिलं. ते गेल्यावर यादी बघितली. रिकामी होती. म्हैस तिसऱ्या दिवशी उठली आणि हंबीरराव मला आवर्जून दोन लिटर दूध देऊन गेले. मी मात्र तो मंगळवार आणि तो गुरुवार बोटांवर मोजत राहिलो. म्हैस धडधाकट उभी असताना ती ओळ आली होती.

पुढची ओळ आठवडाभरानं आली. ‘विमानात लोणचे नेता येते का.’ समोर आक्काताईंची मेस होती. त्या जन्मात मिरजेच्या पुढं गेलेल्या नव्हत्या, त्यामुळं मला त्या आठवल्यासुद्धा नाहीत. नऊ दिवसांनी त्या पदराला हात पुसत आल्या, इकडंतिकडं बघून चार नंबरवर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरानं मस्कतला बोलीवलंय. काल रात्री फोन आल्ता. तेवढं लोणच्याचं बगा की." त्यांचे डोळे भरले होते. मी हसलो, लिहून दिलं, आणि त्या गेल्यावर बघितलं तर यादीतली ओळ गेली होती.

ती खिडकी मागचं काहीच ठेवत नव्हती. तिथं मी नावं ठेवू शकत नव्हतो. पुढचं ठेवायचं नाही, असं कुणी लिहूनच ठेवलेलं नव्हतं.

जेवताना मी संघप्रियाला सगळं सांगितलं. तिनं भाकरी मोडता मोडता शांतपणे ऐकलं. ती हसेल असं मला वाटलं होतं.

"मग बगताय कशाला तुमी?" ती म्हणाली. "खासगी हाय न्हवं ते? लोकांचं मागचं बघत न्हाय म्हणून तुमाला लोक मानत्यात. मग पुढचं तरी कशाला बगायचं?"

"बघत नाही."

"माझी शपथ घ्या."

मी घेतली. चार दिवस पाळली. पाचव्या दिवशी सकाळी तपासणीच्या नावाखाली चार नंबरवर खासगी खिडकी उघडली.

‘एका माणसाचा भात किती टाकायचा.’

 मी खुर्ची ओढून बसलो आणि नीट विचार केला, कारण तो माझा स्वभाव आहे. एका माणसाचा भात कोण टाकतं? रूमवर राहणारी पोरं टाकतात. शाहूपुरीत अशी पोरं ढिगानं. म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. तरी एक गोष्ट मला सुचायला नको होती आणि सुचली. मला भात येत नव्हता. चहासुद्धा संघप्रियाच करायची.

त्या दिवसापासून मी रूमवर राहणारा दिसेल तो पोरगा चार नंबरवर बसवायला लागलो. इंजिनिअरिंगचा सम्राट रोजचा गिऱ्हाईक. त्याला विचारलं, "रूमवर भात करतोस काय रे?"

"न्हाय सर. आक्काताईंची मेस हाय की."

"आता त्या मस्कतला जाणार."

"मग त्यांची सून बगंल. तुमाला का एवढं?"

दहा दिवस गेले. ओळ हलली नाही. जेवताना मी संघप्रियाकडं बघत बसायचो. तिला साधा खोकला आला तरी माझा घास हातात राहायचा. काहीतरी निमित्त काढून तिला दवाखान्यात नेलं, सगळ्या तपासण्या करवल्या. डॉक्टर म्हणाले, तुमच्यापेक्षा यांची तब्येत बरी आहे. मला तिची फार माया आहे, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी रिक्षात सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरनं तुमालाच काय सांगितलंय काय?"

शेवटी मी सम्राटला ती ओळ स्वतःच्या हातानं लिहायला लावली. त्यानं लिहिली, हसला, गेला. यादीत ओळ तशीच होती. दुसऱ्या दिवशी निकाल बघायला आलेल्या एका पोरीलाही लिहायला लावली. तशीच.

मग मी दुकानात कुणी नसताना चार नंबरवर बसलो आणि ती ओळ मी लिहिली.

यादी रिकामी झाली.

दोन दिवस मी चार नंबरवर कुणाला बसू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी संघप्रिया डबा ठेवत म्हणाली, "ऑर्डर आली. नाशिकला ट्रेनिंग हाय, धा दिस. आमटी आक्काताईंच्यातनं आणा, भात तेवढा शिकून घ्या. घरचा भात न्हाय मिळाला की तुमचं डोकं फिरतंय."

माझा जीव भांड्यात पडला. मी एवढ्यांदा हसलो की कप्प्यांतून चार-पाच डोकी बाहेर आली. दहा दिवसांचं ट्रेनिंग! एका माणसाचा भात! एवढंच होतं ते.

"मी चाललेय म्हणून एवढा आनंद?" ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. मी तिला त्या दिवशी गंगावेशीत नेऊन भेळ खाऊ घातली तेव्हा कुठं ती बोलायला लागली.

सोमवारी सकाळी साडेसातच्या गाडीत मी तिला बसवून दिलं. खिडकीतून तिनं मला कुकरच्या शिट्ट्या बोटांनी मोजून दाखवल्या. मी दुकानात आलो, झाडलं, उदबत्ती लावली. मनावरचं ओझं गेलं होतं. आज चार नंबर पूर्ण पुसायचं, सगळं नव्यानं टाकायचं आणि शपथ यापुढं पाळायची, असं ठरवलं. पुसायच्या आधी एकदा, शेवटचं म्हणून, खासगी खिडकी उघडली.

‘मोबाईलमधले माणसाचे बोलणे कायमचे कसे ठेवायचे.’

बाहेर गल्लीत कुणीतरी शटर वर केलं. मी कीबोर्डवर हात ठेवले होते.

कुणाची ओळ आहे हे कळायला एकच गोष्ट करायची होती. मी लिहायचं. गेली तर माझी. राहिली तर दुसऱ्या कुणाची.

मी हात काढून घेतले.

सम्राट दारात आला. "सर, चार रिकामा हाय काय?"

"बिघडलाय."

तो दोन नंबरवर गेला. मी मशीनचा प्लग काढला. पडद्यावरची ओळ गेली, पण मला ती पाठ झाली होती.

मी फोन लावला. तीन रिंग झाल्या. चौथी झाली. मग एकदम गाडीचा आवाज आला, खिडकीच्या काचांचा खडखडाट आणि तिचा आवाज.

"काय वो?"

"कुठवर आलीस?"

"कराड आलं आता. का?"

"काही नाही. बोल."

"काय बोलू?"

"काय पण बोल."

माझ्या फोनमध्ये चालू बोलणं साठवून ठेवायची सोय होती. मी ती कधी वापरली नव्हती. बटण दाबलं. पडद्यावर सेकंद पळायला लागले.

ती बोलत राहिली. शेजारची बाई कराडला माहेरी चाललीय आणि तिनं शेंगा दिल्या. ड्रायव्हर गाडी लई पळवायलाय. तांदूळ एक वाटी घ्यायचा, पाणी दोन वाट्या, आणि शिट्टी झाल्या झाल्या झाकण उघडायचं नाही, दम धरायचा.

"ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय."

"मग हूं तरी म्हणा की."

एक मिनिट झालं आणि साठवणं आपोआप बंद झालं. फोननं विचारलं, ठेवायचं का? मी होय म्हटलं. तिनं, पोचले की करते, म्हणून फोन ठेवला.

मी ते मिनिट एकदा ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. फोन जुना होता, महिन्यातून एकदा आपोआप बंद पडून सगळं पुसून टाकायचा, आणि त्याच्या खोक्यात केबल आली नव्हती. हे बोलणं त्यातून काढून कायमचं कसं ठेवायचं, ते मला येत नव्हतं.

तोवर बाकीची सातही मशीन भरली होती. मी चार नंबरचा प्लग परत लावला.