मिठाच्या पाण्याचे उंदीर

वेलीच्या सालीचा अर्क टोचलेला उंदीर गरम तबकडीवर बसून निवांत मिशा साफ करू लागला, तेव्हा धाकटीला प्रयोगशाळेतच उड्या माराव्याशा वाटल्या. वीस सेकंद! पंजे भाजू नयेत म्हणून नियमाप्रमाणे तिनं त्याला उचललं. तुलनेसाठी ठेवलेल्या, त्याच्याच वंशातल्या उंदरांना ती नुसतं मिठाचं पाणी टोचायची. ते तबकडीवर आठव्या सेकंदाला चटका बसून पंजे चाटायचे.

पुढच्या आठवड्यात ते पाचव्याच सेकंदाला चाटू लागले, त्यापुढच्या आठवड्यात दुसऱ्या. फरक वाढत चालला आणि धाकटीचा आनंद गगनात मावेना.

"मॅडम, तबकडीवर औषधवाला बसलाय," उंदीर सांभाळणारे काका हळूच म्हणाले, "आणि पंजे चाटतायत पिंजऱ्यातले मिठाच्या पाण्याचे."

"काका, तुम्ही ना, कशातही खोट काढता!" ती हसली. "घाबरले असतील."

तिला घाई होती ती आईसाठी. अकरा वर्षं आईच्या डाव्या गालातली शीर शॉक बसावा तशी ठणकायची. चावणं बंद, बोलणं जेवढ्यास तेवढं. धाकटीनं नियम धाब्यावर बसवले आणि अर्काची बाटली पर्समध्ये टाकली.

चार वाजता तिनं आईच्या जिभेखाली तीन थेंब सोडले. सव्वाचारला आईनं गाल चाचपला, मग चक्क चिमटा काढला.

"अगं, गेलं!"

आईनं सफरचंदाचा कचकन चावा घेतला. मायलेकी हसत होत्या, रडत होत्या. काकांचं बोलणं आठवून धाकटीनं गुपचूप स्वतःचाही गाल दाबून पाहिला. काही नाही. हुश्श!

साडेपाचला दुसऱ्या गावाहून ताईचा फोन आला. मागे तिची मुलगी रडत होती.

"पोरगी खेळता खेळता गाल धरून किंचाळली गं. डावा. डॉक्टर म्हणतात, दात ठीक आहेत."

"किती वाजता?"

"सव्वाचार असतील. का?"

धाकटीनं घड्याळाकडे पाहिलं. थेंबांचा असर सहा तास टिकायचा.

"दहाला थांबेल," ती पुटपुटली.

आईनं रिकामी बाटली टेबलावर ठेवली.

"सगळं पिऊन टाकलं," ती खुशीत म्हणाली. "म्हटलं, कायमचंच जाऊ दे."

फोनमधलं रडणं एकदम थांबलं.

"गप्प झाली बाई एकदाची," ताई म्हणाली. मग जरा वेळानं, "अगं, ही गाल गच्च धरून बसलीये, तोंडच उघडत नाहीये."

आईनं हात पुढे केला.

"दे इकडे फोन. आज नातीशी पोटभर बोलते."