शेवटच्या रांगेतलं वाक्य

लिफ्टमध्ये तो एकटाच होता. राखाडी कोट, गळ्यातलं ओळखपत्र उलटं फिरलेलं. हा नक्की कुठल्यातरी देशाचा प्रतिनिधी, असं तिने परस्पर ठरवून टाकलं आणि दार मिटायच्या आत त्याला गाठलं.

"सर, एकच मिनिट. कॅन्सर रोखायचा जो आराखडा सगळे देश मिळून ठरवताहेत, त्यात आमच्या संस्थेचं एक वाक्य आहे. शाळेत न जाणाऱ्या मुलींपर्यंतही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस पोचवावी, एवढंच. लस शाळेतच देणार म्हटल्यावर शाळा सुटलेल्या मुलींनी जायचं कुठे? काही देशांना ते खर्चिक वाटतंय. आणि आम्हा संस्थांना मत नसतं, एखादा देश बाजूने बोलला तरच..."

तो इतकं मन लावून ऐकत होता की तिला भरूनच आलं.

"पटलं," तो म्हणाला. "अगदी पूर्ण पटलं. पण मी दुभाषी आहे. मत मलाही नाही."

"मग आधी सांगायचं ना..."

"तुम्ही श्वास कुठे घेतलात?"

काळजीत पडली की तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा, म्हणून ताईने तिचं नावच टकळी ठेवलं होतं. आणि सध्या तर काळजीच काळजी होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा घर आणि धाकट्या टकळीला सांभाळायला ताईने शाळा सोडली. लस शाळेत आली, टकळीला मिळाली. घरी भाकऱ्या थापणाऱ्या ताईला शोधत कोणी आलं नाही. आता ताई त्याच कॅन्सरने इस्पितळात होती आणि रोज फोनवर विचारत होती, "आराखड्यात राहिलं का गं आपलं वाक्य?"

मग बैठकीच्या मधल्या सुट्टीत कॉफीच्या यंत्रापाशी तो दिसायचाच. आता हा योगायोग कोण घडवून आणत होतं, ते दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

"शेवटच्या दिवशी बोलायला मिळेल ना तुम्हाला?" त्याने विचारलं. "सावकाश बोला. अशा धावत सुटलात तर काचेमागे बसून भाषांतर करताना माझा जीव जाईल."

"जीव द्यायची घाई नको. आधी माझं वाक्य पोचवा."

तो हसला. तिने मात्र लगेच नजर वळवली — कान गरम झाले होते, आणि तिकडे ताई तशी असताना आपल्याला हे सुचतं कसं, याचा तिला रागही आला.

एकदा तिने त्याला गळ घातली, बंद दाराआडच्या चर्चेत कोण नरमतंय तेवढं सांगा. त्याने नकारार्थी मान हलवली. "तिथलं ऐकलेलं माझं नसतं." ती दिवसभर फुगून बसली. संध्याकाळी तिला कळून चुकलं की हा माणूस आपल्याला जास्तच आवडायला लागलाय.

शेवटच्या दिवशी अध्यक्षांनी जाहीर केलं, वेळ कमी आहे, संस्थांनी एकेक मिनिटात आटोपावं.  टकळीचं भाषण याच्या तिप्पट होतं. धावत वाचावं तर काचेमागून काहीच पोचणार नाही... तिने कागद बाजूला सारला.

"माझी ताई," संस्थांच्या शेवटच्या रांगेतून ती सावकाश म्हणाली, "माझ्यासाठी शाळा सोडून घरी बसली. मला लस मिळाली. तिला नाही. ती आज आजारी आहे. अशा मुलींना शोधत कोणीतरी जायला हवं."

सर्वांत जास्त विरोध करणारे प्रतिनिधी कानावरचा हेडफोन दाबून धरत होते. त्यांनी वळून काचेकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. दुभाष्याची मान खाली गेली होती, ओठ थांबले होते. संपलं, तिला वाटलं. गेलं वाक्य.

मग त्याचे ओठ हलले. प्रतिनिधी बराच वेळ ऐकत राहिले, आणि त्यांनी बोलायची परवानगी मागत देशाच्या नावाची पाटी उभी केली. "'टप्प्याटप्प्याने' हा शब्द घाला. मग आमची हरकत नाही."

बाहेर व्हरांड्यात तो आला तेव्हा पांढराफटक पडला होता.

"माझं चुकलं. बोलणाऱ्याच्या जागी राहूनच बोलायचं असतं आम्हाला. तुम्ही 'माझी ताई' म्हणालात, मीही म्हणालो... आणि पुढे आवाजच फुटेना. असं कधी होत नाही माझं. तक्रार होईल बहुतेक."

"तुम्हाला बहीण आहे?"

"नाही. पण म्हणताना वाटलं... असावी. तुमची आहे ना, तीच." तो अडखळला. "मला तुम्ही आवडता. हे नीट बोलता येत नाहीये."

टकळी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईचा फोन आला.

"राहिलं का गं?"

"राहिलं, ताई. पण टप्प्याटप्प्याने पोचणार म्हणे."

"पोचणार ना? मग रडतेस कशाला?"

तिने समोर पाहिलं. तो तसाच उभा होता, कोटाचं बटण उगाच लावत, काढत.

"ताई... येताना एकाला भेटायला घेऊन येऊ का?"



"आण की," ताई म्हणाली. "पण टप्प्याटप्प्याने नको. लवकर आण."