अक्कलकोटच्या गाडीतला रुमाल

आक्काच्या त्या पत्राला महिपतीनं अजून उत्तर लिहिलंच नव्हतं.

पत्र श्रावणात आलं होतं, सांगोल्याहून. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण फुलाबाई. तिचं लिहिणं बोलण्यासारखंच, तडकाफडकी. ‘बायको कशी पाहिजे ते एकदा लिहून कळव. इथं एक स्थळ बघून ठेवलंय. दसऱ्यापर्यंत तुझं काही आलं नाही, तर मी त्यांना होय म्हणून टाकणार. मग पुस्तकात तोंड खुपसून रडू नकोस.’

महिपती सोलापुरातल्या एका वाचनालयात कामाला होता. कपाटंच्या कपाटं त्यानं वाचून काढली होती. पण निळं अंतर्देशीय पत्र उघडून ‘मला बायको अशी पाहिजे की’ इथवर आला की पेन अडायचं. सुस्वरूप? सुशील? हे शब्द तर दुसऱ्यांच्या पुस्तकांतले. आणि आपण एवढे कोण लागून गेलो की बायको अमुकच हवी म्हणून सांगावं? पत्र मिटून तो पुन्हा खिशात ठेवायचा.

शनिवारी दुपारी सुट्टी झाली की तो आईकडं मंद्रूपला जाई. एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागता लागता खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, हाताला येईल ते आत टाकायचं, की ती जागा आपली. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण तो मोडायची छाती कंडक्टरलाही नव्हती. महिपती पुस्तक टाकायचा.

त्या शनिवारी पुस्तक उचलून तो खिडकीशी बसतोय, तोच समोर कुणीतरी उभं राहिलं. निळं पातळ, खांद्याला पिशवी, कपाळावर घामानं चिकटलेली बट.

“उठा. ही माझी जागा हाय.”

“अं... मी... पुस्तक...”

“पुस्तक दिसतंय की. माझा रुमाल कुटं टाकला ते सांगा. पिवळ्या फुलांचा रुमाल. याच खिडकीतनं टाकलावता मी!”

महिपती उठला. आपलं खरं आहे हे ठाऊक असूनही उठला, कारण आख्खी गाडी बघत होती. पुस्तक छातीशी धरून तो दांडीला लटकला. ती ऐटीत बसली. एवढ्यात कंडक्टर धुळाप्पा आत शिरला. त्याच्या बोटांत पिवळ्या फुलांचा रुमाल.

“कुणाचा हो ह्यो? शेजारच्या अक्कलकोटच्या गाडीत पडलावता. तितं दोन म्हाताऱ्या भांडायल्यात त्याच्यापायी!”

गाडी खदखदून हसली. महिपतीला वाटलं, आता ही खिडकीबाहेर बघेल, नाहीतर धुळाप्पावरच उखडेल. माणसं असंच करतात. आपणही असंच केलं असतं.

ती उभी राहिली. कान लालबुंद झाले होते, पण तिनं सगळ्यांदेखत हात जोडले.

“माझंच चुकलं. बसा तुमी. लई बोलले तुमाला.” आणि मग तीच हसत सुटली, गाडीपेक्षा मोठ्यानं. “अक्कलकोटच्या गाडीत! अगं आई गं...”

मागच्या बाकावरची काशम्मा भाजीची टोपली आवरत म्हणाली, “यव्वा, पोरी, आता ह्या पुस्तकवाल्या मास्तरला उभा ठेवू नको. सरक की जरा, दोघं बसा.”

दोघं बसली. मध्ये पुस्तक.

“तुमचं खरं होतं, तर बोलला का न्हाय?” तिनं हळूच विचारलं.

“भांडायची... सवय नाही.”

“खरं सांगायला भांडावं लागतंय व्हय?”

महिपतीनं मधलं पुस्तक उचलून मांडीवर घेतलं. पण रात्री वाचायला घेतलेल्या पुस्तकाचं पान काही उलटलं नाही. इतकं सहज कुणी ‘चुकलं’ म्हणू शकतं, आणि म्हणताना इतकं देखणं दिसू शकतं, हे त्याच्या एकाही पुस्तकात नव्हतं.

तिचं नाव गोजर. मॅट्रिक होऊन ती सोलापूरच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर झाली होती आणि शनिवारी मंद्रूपला उतरून पुढं आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, वस्तीवर चालत जायची. पुढच्या शनिवारी तिचा रुमाल बरोबर गाडीत पडला, दोन माणसांच्या जागेवर, ऐसपैस पसरलेला.

“चुकून मोठा पडला,” ती म्हणाली.

मग शनिवार तसेच जाऊ लागले. ती ट्रंककॉलच्या गमती सांगायची. माणसं लांबच्या गावाला फोन लावतात, आणि तीन मिनिटं संपल्यावर ‘वाढवू का?’ म्हणून ही मध्ये बोलली की भानावर येतात.

“निम्मी माणसं मुद्द्याचं बोलतच न्हाईत. ‘पाऊस हाय का, म्हस कशी हाय’ यातच तीन मिनिटं जात्यात. तुमी तर ‘अं’ मध्येच संपवाल!”

“मी... फोन करतच नाही.”

“तेच म्हणते मी.”

कधी ती दमलेली असली की सरळ सांगे, “आज डोकं दुखतंय, बोलू नका.” आणि डोळे मिटून घेई. रुसवा नाही, तुम्हीच ओळखा असं कोडं नाही. काशम्माची टोपली ती न सांगता उतरवून घ्यायची. धुळाप्पाशी सुट्ट्या पैशांवरून कडाडून भांडायची आणि पुढच्या थांब्यावर त्यालाच शेंगाचटणी-भाकरी द्यायची. महिपतीच्या लक्षात आलं, तिच्या शेजारी बसलं की चुकायची भीती वाटत नाही. एकदा तो तिला म्हणाला, अमक्या पुस्तकाचा शेवट मला कळलाच नाही. वाचनालयात हे तो मेला तरी बोलला नसता.

दसऱ्याच्या आधीचा शनिवार उजाडला. परतीच्या पावसानं आभाळ गच्च भरलं होतं. गाडीत बसल्याबसल्या महिपतीनं ते निळं पत्र गुडघ्यावर उघडलं. आज टाकलं नाही, तर आक्का शब्द देऊन मोकळी होणार.

“हलत्या गाडीत कुणी पत्र लिवतं व्हय?”

त्यानं तिला सगळं सांगितलं. आक्का, स्थळ, दसरा. गोजरनं खांद्यावरची पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग पदर सावरत, जरा जास्तच मोकळेपणानं म्हणाली, “त्यात काय एवढं? लिवा. स्वैपाक यावा.”

“स्वैपाक मलाही येतो.”

“बरं. रंगानं उजळ?”

“तसं काही नाही.”

“गरीब गाय पाहिजे असंल मग. मान खाली घालणारी.”

“दोघांनी खाली घातली, तर वाट कोण बघणार?”

ती हसली, पण नेहमीसारखी नाही. तेवढ्यात सर आली. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, पाणी सरळ तिच्या खांद्यावर. महिपतीनं काच ओढून बघितली, हलेना. मग मांडीवरचं पुस्तक उचललं आणि फटीत उभं धरलं.

“अहो! भिजंल की पुस्तक!”

“भिजू दे.”

गोजर त्या पुस्तकाकडं बघत राहिली, मग त्याच्याकडं.

“मला सांगता येतं कशी पाहिजे,” तो म्हणाला. पुस्तक फटीत तसंच धरलेलं. “चुकली तर चारचौघांत ‘चुकलं’ म्हणणारी. आणि मी खरा असून गप्प बसलो, तर... ‘बोला की’ म्हणणारी.”

पाऊस टपावर धडधडत होता.

“अशी मिळणं अवघड हाय,” ती खाली बघून पुटपुटली.

“एक आहे. अक्कलकोटच्या गाडीत रुमाल टाकते.”

तिचे कान त्या दिवशीसारखे लाल झाले. किती वेळ ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. 

“तीन मिनिटं झाली,” शेवटी ती म्हणाली, अगदी ऑफिसातल्या आवाजात.

“मग... वाढवा की.”

“नोकरी सोडणार न्हाय मी.”

“मी तरी कुठं सोडतोय?”

“आबांना तुमी सोताहून विचारायचं. ‘अं’ चालणार न्हाय.”

“उद्या सकाळी येतो वस्तीवर.”

तिनं पिशवीतून पिवळ्या फुलांचा रुमाल काढला आणि त्याच्या ओल्या हातावर ठेवला. “वाढवली.”

मागून काशम्मा ओरडली, “ए मास्तर, आता तरी पुस्तक खाली घे! पाऊस कवाच थांबला!”

मंद्रूपच्या स्टँडवर उतरून बाकड्यावर त्यानं पत्र लिहिलं. ‘आक्का, त्या मंडळींना शब्द देऊ नकोस. बायको कशी पाहिजे, तू विचारलंस. कशी, ते अजूनही नीट लिहिता येत नाही. कोण, ते लिहितो. नाव गोजर.’

दोघं पोस्टाच्या पेटीशी आली. महिपतीनं पत्र आत सरकवलं. तळाशी पडल्याचा बारीकसा आवाज आला.

“पत्ता सांगोल्याचाच घातलाय न्हवं?” गोजर म्हणाली. “न्हायतर माझ्या रुमालासारखं, जायचं अक्कलकोटला!”