दिसण्याआधी वास

अण्णांच्या शब्दकोशात एकच नोंद रिकामी होती, आणि ती भरायला बापलेक वाटाड्याला घेऊन हिमालयात तेरा हजार फुटांवर आले होते! संस्कृत काव्यांतलं ते दैवी कमळ म्हणजे या डोंगरातलं ब्रह्मकमळच का? एक कवी त्याला तळ्यात फुलवतो. दुसरा हजार पाकळ्या देतो. तिसरा म्हणतो, ते दिसण्याआधी त्याचा वास येतो. आणि घरच्या कुंडीतलं ब्रह्मकमळ, ज्याचे फोटो काढायला शेजारी जमतात, ते तर चक्क निवडुंग!

“ठमे, वनस्पतिशास्त्र तू शिकवतेस. यातलं खरं कुठलं?”

“तुमचा एक तरी कवी इथवर चढला होता का, अण्णा?”

अण्णा धापा टाकत एका दगडावर टेकले. ही त्यांची शेवटची चढाई, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कोश महिन्याभरात छापायला जायचा होता.

*चिठ्ठी १. ओढ्याकाठी. पांढरं. वास नाही.*
*चिठ्ठी २. तळ्यापाशी. पिवळसर. वास? (सर्दी झाली आहे.)*
*चिठ्ठी ३. वाटेवरच्या दगडांत. बाहेर फिकट, आत जांभळं. वास उग्र!*

नमुन्यांना ठमी पेन्सिलीनं लिहिलेल्या चिठ्ठ्या बांधायची. पण अण्णा कडाडले होते, “कोशाचं काम पेन्सिलीनं? किराण्याची यादी आहे का?” म्हणून शाई.

आणि आभाळ फाटलं!

पाऊस. गारा. “दगडाआड!” वाटाड्या ओरडला. तासाभरानं बाहेर आले, तर धुकं. आपलाच हात आपल्याला दिसेना. पायाखालचे दगड सुटत होते. खाली दरी. किती खोल? कोण जाणे!

ठमीनं पिशवी उघडली. चिठ्ठ्यांवर निळी थारोळी, फुलांचा एकच लगदा. कुठलं कुठलं?

“ताई, वाट हरवली,” वाटाड्या म्हणाला.

तेवढ्यात वास आला. उग्र. तिसऱ्या फुलाचा! म्हणजे वाट जवळच. पण हा वास डोंगरातून येतोय, की पिशवीतून?

ठमी गोंधळली. डावीकडे हुंगलं, उजवीकडे हुंगलं. सगळीकडे तोच!

“आण इकडे,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, सगळी मेहनत आहे त्यात!”

अण्णांनी पिशवी भिरकावली. ती आपटल्याचा आवाज आलाच नाही.

तिघांनी श्वास रोखला. मग घेतला. वारा आला. वास आला. डावीकडून, वरून!

रांगत. सरपटत. एक हात, एक गुडघा. दगड निसटला, वाटाड्यानं अण्णांची कॉलर धरली! आणि ठमीच्या नाकासमोर धुक्यातून ते फूल उगवलं. शेजारी वाटेच्या खुणेची दगडांची रास.

“एक तोडू का?”

“वाट दाखवणाऱ्याचं डोकं उडवतात का, ठमे?” अण्णा फुलाकडे बघतच राहिले. “पण तळं कुठाय? हजार पाकळ्या कुठायत? कवी इथं आला होता, की नव्हता?”

“मला काय माहीत!”

अण्णांनी वही काढली. शाईचं पेन झटकलं, खिशात ठेवलं आणि हात पुढे केला.

“पेन्सिल दे.”

रिकाम्या नोंदीत त्यांनी लिहिलं: *कमळ? दिसण्याआधी वास येतो. खात्री केली आहे.*