वांग्याची गाय आणि निळा रोबोट

हे घडलेलं आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं जपानातल्या कुरे गावच्या बाजारपेठेत यावं, माझ्या दिराचं दुकान आपल्या डोळ्यांनी बघावं. मी शाळा फार शिकले नाही, पण डोळे शाबूत आहेत माझे.

यासुनोरी माझा धाकटा दीर. व्हिडिओ गेमचं दुकान त्याचं. दाराशीच एक जुनाट मशीन आहे. पडद्यावर दोन अवजड रोबोट, एक लाल, एक निळा, गोळ्या झाडत डावीकडून उजवीकडे चालत सुटतात. लाल यासुनोरीचा. निळा त्याच्या पहिल्या बायकोचा, फुसाकोचा. टप्पा जिंकला की फुसाको आपल्या रोबोटला खाली वाकवायची, पुन्हा उभा करायची. जणू नमस्कारच. सगळा बाजार हसायचा.

फुसाको वारली. काही वर्षांनी मिचिए दुसरी बायको म्हणून या घरात आली.

मिचिए कामाला वाघीण. पण दुकानात पाऊल टाकलं की नजर निळ्या बाजूच्या रिकाम्या स्टुलावर. यासुनोरी तिथं कुणाला बसू देत नसे.

"मी बसले तर मोडेल का हो ते?"

"तुला खेळता कुठं येतं?"

"मग शिकवा की!"

त्यानं ते स्टूल फडक्यानं पुसलं.

ओबोन आला. आमच्याकडे पितरं घरी येतात ते दिवस. यासुनोरीनं काकडीला काड्यांचे पाय खोचून घोडा केला, फुसाकोनं धावत यावं म्हणून. वांग्याची गाय केली, तिनं परत जाताना सावकाश जावं म्हणून. गाय ठेवताना पुटपुटला, "घाई करू नकोस हं."

मिचिएच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्याशी कधी बोललेत असं, जाऊबाई? सावकाश म्हणे!"

पितरांच्या निरोपाच्या दिवशी तिनं गायीचे पाय उपटले. वांगं चिरलं, तळलं, सोयाबीनचा आंबवलेला मिसो लावून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं मुकाट्यानं खाल्लं.

मला कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"अगं बये, तिचं वाहन खाऊ घातलंस? आता ती जाणार कशावरून?"

"जाईल चालत! पाय आहेत की."

दारात निरोपाचा विस्तव पेटला. विझला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यासुनोरी लाल बाजूला खेळायला बसला. मिचिए फरशी पुसत होती.

टक...

टक टक...

निळ्या बाजूचा दांडा... आपोआप हलत होता.

स्टुलावर कुणी नव्हतं. नाणंही टाकलेलं नव्हतं.

पडद्यावर निळा रोबोट लालच्या पुढे उभा. सगळ्या गोळ्या स्वतःच्या अंगावर झेलत होता. टप्पा संपला.

आणि... निळा रोबोट वाकला. पुन्हा उभा राहिला.

यासुनोरी रडत होता. हसतही होता. मिचिएकडे त्यानं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

तिनं धावत जाऊन वायर उपटली. पडदा काळा झाला.

टक... टक टक...

तिनं स्टुलावर हात ठेवला. गरम होतं.

वर्षभर हेच. यासुनोरी सकाळी मशीनपुढे बसायचा, जेवायला हाका माराव्या लागायच्या. लग्नानंतर इतका खूश तो मिचिएला कधी दिसला नव्हता.

पुढच्या ओबोनला तिनं स्वतः बाजारातलं सगळ्यात टपोरं वांगं आणलं. गाय केली. हात जोडले.

"ताई, चुकले मी. पण आता जा. तो माझाही नवरा आहे."

निरोपाच्या दिवशी ती आणि मी फुलं आणायला गेलो. परत आलो. देव्हाऱ्यात काकडीचा घोडा जागेवर होता.

गायीच्या जागी... नुसत्या चार काड्या.

स्वयंपाकघरातून मिसोचा वास येत होता. यासुनोरी जेवत बसला होता.

"मिचिए, आज वांगं काय झालंय! अगदी फुसाको करायची तसं."

मिचिएच्या हातातली फुलं खाली पडली. तिनं माझा दंड घट्ट धरला. तिला भीती वाटली असेल, असं मला वाटलं. पण ती कानाशी येऊन एवढंच म्हणाली,

"जाऊबाई, खरं सांगा... माझ्यापेक्षा चांगलं झालंय का हो?"

मी चाखून पाहिलं नाही. पण खोटं कशाला बोलू...

वास फार सुरेख होता. अजून नाकातून जात नाही.