कथलाची मोहरी

“साडेतीनपर्यंत सांगा, मॅडम. न्हाई जमलं तर मी यावर सही करतो.” गहिनीनाथांनी कामावरून काढल्याचं पत्र टेबलावर ठेवलं. त्यावर नाव होतं स्वप्नालीचं.

नेकनूरच्या रस्त्याला गहिनीनाथांचा छोटा कारखाना. शेतातल्या मोटारींचे ऑटो स्टार्टर इथं बनायचे. त्यातला सर्किट बोर्ड वितळलेल्या कथलाच्या लाटेवरून सरकवला की त्यावर खोचलेल्या सुट्या भागांचे सगळे पाय एका दमात जोडले जायचे. ते मशीन स्वप्नाली चालवायची. पण एप्रिल तापला तसे बोर्डावर मोहरीएवढे कथलाचे गोळे उडून बसायला लागले. एक गोळा दोन पायांत अडकला की स्टार्टर जळलाच म्हणून समजा. गेवराईपासून पाटोद्यापर्यंत दुकानदार माल परत करत होते. पोरगी दुसऱ्या कारखान्याला फितूर झाली, अशी कुजबुजही सुरू झाली होती. हा डाग घेऊन बाहेर पडली तर जिल्ह्यात तिला कोण दारात उभं करणार?

धनश्री बीडची. कारखान्यांतले असले घोळ शोधणं हाच तिचा धंदा. सोबत मावसभाऊ बंकट. गाडी झकास चालवायचा, डोकं मात्र कायम पहिल्या गिअरमध्ये.

अकरा वाजले होते. धनश्रीनं भिंग काढून एक बोर्ड डोळ्यांजवळ धरला. “बंकट, गोळे कुठं आहेत?”

“वरच्या बाजूला. भोकांच्या कडेला.”

“आणि लाट कुठून लागते?”

“खालून.” बंकटनं डोकं खाजवलं. “मग वर कसे आले हे?”

“तेच तर,” धनश्री म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

सुपरवायझर विजयसिंह फटकळ माणूस. “सरळ गोष्ट हाय. कथील नीट धरावं म्हणून लाटेआधी बोर्डाला फ्लक्स मारतात, पातळ औषधावानी, मग तो हिटरवर सुकवायचा असतो. ही हिटर कमी ठेवती. ओला फ्लक्स लाटेवर गेला की उडणारच.”

“फ्लक्स तोच आहे का, पूर्वीचा?”

विजयसिंह जरा चपापला. “महिन्यापूर्वी बदलला. धूर कमी करतो म्हणून मीच आणला.”

बंकटनं धनश्रीला कोपरानं ढोसलं. त्याच्यापुरता गुन्हेगार सापडला होता.

स्वप्नाली मात्र ताठ उभी होती. रडून रडून डोळे सुजलेले, पण आवाज ठाम. “ताई, हिटरला मी हात लावला न्हाई. ही वही बघा. बोर्ड लाटेला टेकला की तडतडतो. गरम तेलात ओली मिरची पडल्यावानी. सोमवारी सगळ्यात जास्त.”

“आणि सगळ्यात कमी?”

“गेल्या गुरुवारी. त्या दिवशी टेम्पो उशिरा आला. पाकिटं फाडली आन् बोर्ड तसेच मशीनवर घेतले. एक बी गोळा न्हाई.”

“फ्लक्स?”

“हाच. हिटर बी एवढाच.”

धनश्रीनं वही मिटली. मग स्टोअरमधून वीस बोर्ड मागवले आणि हळूच स्वप्नालीला म्हणाली, “यातले दहा वार्निश सुकवायच्या भट्टीत ठेव, एकशे दहा डिग्रीवर. दहा तसेच राहू दे. कुणाला बोलू नको.”

स्टोअर सांभाळायचे धुळाजी. शांत, कष्टाळू माणूस. रॅकवर बोर्ड एकेक करून, मधे फट ठेवून मांडलेले. खिडक्यांना गोणपाटं लावलेली. कचऱ्याच्या टोपलीत रिकामी पाकिटं आणि पांढऱ्या बारक्या पुड्या.

“माल आला की मी त्याच दिवशी पाकिटं उघडतो,” धुळाजी अभिमानानं म्हणाले. “पोरींना सकाळी खोळंबा नको. पण मॅडम, चारला मला सोडा. घरी रेशमाच्या अळ्या चौथ्या कातीतून उठल्यात. पाला टाकायला उशीर झाला तर सगळी बॅच जाईल.”

बंकट मघापासून तिथंच स्टुलावर पसरला होता. “ताई, बाहेर बेचाळीस डिग्री आन् इथं लई गार वाटतंय. घामाचा रुमाल तेवढा वाळंना. तास झाला टाकून.”

धनश्री त्याच्याकडे बघतच राहिली. मग इतकी हसली की बंकटला राग आला.

साडेतीनला सगळे मशीनभोवती जमले. गहिनीनाथांच्या हातात पेन होतं.

“आधी स्टोअरमधले बोर्ड,” धनश्री म्हणाली.

पहिला बोर्ड लाटेला टेकला. तडतड झाली. दहाच्या दहा बोर्डांवर गोळे.

“आता भट्टीतले.”

बोर्ड सरकला. आवाज नाही. दुसरा, तिसरा, दहावा. विजयसिंहानं भिंग हिसकावून घेतलं. एकही गोळा नव्हता.

“मशीन तेच, हात तोच, फ्लक्स तोच,” धनश्री भराभर बोलू लागली. “म्हणजे दोष बोर्डात. बोर्ड हवेतली ओल पितो. लाटेवर त्या ओलीची वाफ होते आणि भोकातून कथील घेऊन वर उडते. म्हणून गोळे वर, भोकांच्या कडेला. गुरुवारचा माल स्टोअरमध्ये गेलाच नाही, तो कोरडा राहिला. सोमवारचा शनिवार-रविवार तिथंच होता, तो सगळ्यात ओला. एप्रिलच्या कोरड्या बीडमध्ये बंकटचा रुमाल जिथं वाळत नाही, तिथं हवेत पाणी आहे. धुळाजी, ती गोणपाटं तुम्ही भिजवता ना?”

“दिवसातून चारदा,” धुळाजी म्हणाले. “शेडमध्ये बी तसंच करतो. अळीला कोरडी झळ लागली की ती खाणं सोडती. हा तर त्याहून महागाचा माल. म्हणलं, याला बी गारवा द्यावा, मोकळी हवा द्यावी.” बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. “म्हंजे हे मी केलं?”

“आणि ओल शोषायच्या पुड्याही तुम्हीच काढून टाकल्या.”

“मग याला काढा,” विजयसिंह म्हणाला.

“कावून?” स्वप्नाली पुढं झाली. “पाकीट बंद का असतं, हे मामांना कुणी सांगितलं? मला पुण्याला शिकायला पाठवलं, त्यांना नुसती किल्ली दिली. त्यांनी माल लेकरावानी जपला.”

गहिनीनाथांनी पत्र फाडलं.

“एवढ्यानं भागणार नाही,” धनश्री म्हणाली. “आळ चारचौघांत घेतला होता.”

गहिनीनाथांनी पंखे बंद करायला लावले, म्हणजे शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जावं. वीस बायांचे हात थांबले. “स्वप्नालीनं काही केलं न्हाई,” ते म्हणाले. “न विचारता मी तिच्यावर आळ घेतला. चूक माझी हाय.”

सकाळपासून ताठ उभी असलेली स्वप्नाली आता मात्र ओढणीत तोंड घालून मोकळी रडली. धुळाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेही रडत होते. मग तिनं डोळे पुसले आणि मशीनकडं वळली.

“मामा, तुमी अळ्यांकडं जावा,” ती म्हणाली. “उद्या सकाळी लवकर या. पाकीट कधी फोडायचं ते मी दाखवते.”