हुंदका देणारा नळ

डोळे मिटा आणि एक खोली मनासमोर आणा. बाहेर दुपारचं ऊन रखरखतंय, पण खोलीत ओल आहे. भिंतींवर हिरवं शेवाळ. कोपऱ्यात एक मोठा ड्रम, त्याच्या वर भिंतीतून आलेला पितळी नळ. नळ उघडा आहे, पण थेंबही पडत नाही. तरी त्यातून आवाज येतो. हूऽऽऽ. कुणी हुंदका दाबून धरावा, तसा.

दिसली खोली? आता डोळे उघडा आणि शेजारच्या खोलीत चला. तिथे माणसं आहेत.

हे पाणीपुरवठ्याचं कार्यालय. डोणगावच्या अलीकडे, टेकडीवर वसलेल्या एका लहान गावातलं. गावात आठवड्यातून एकदाच पाणी सुटतं, म्हणून सगळ्यांचे नळ कायम उघडेच असतात. पाणी येण्याआधी नळ फुस्स करून हवा फुंकतो. ती फुंकर ऐकली की घरोघरी हंडे सरसावतात.

कार्यालयाचा नळ मात्र दोन महिन्यांपासून भलत्याच वेळी आवाज करायचा. पाणी सुटलं की दुसऱ्या दिवशी, भर दुपारी.

व्हॉल्व्ह उघडणारा सहदेव गेल्या वर्षी वारला होता. लोक म्हणू लागले, सहदेवच रडतो.

त्याच्या जागी त्याची बायको महामाया लागली होती. कालच पाणी सुटून गेलं होतं. आज ती नव्या अभियंता मंजुश्री मॅडमसमोर मान खाली घालून बसली होती. तक्रार अशी, की ती व्हॉल्व्ह लवकर बंद करते, वरच्या घरांचं पाणी विकते. संध्याकाळी अहवाल बुलढाण्याला जाणार होता. दोषी ठरली तर नोकरी गेलीच. तिला चिकटून तिची नऊ वर्षांची छकुली बसली होती. हातात तिनं काढलेलं एक चित्र होतं.

"झुंबरबाई, तुम्ही काय पाहिलं?" मंजुश्रीनं झाडलोट करणाऱ्या बाईंना विचारलं.

"पाहालं नाई म्याडम, भोगलं! फरशी पुसत होती. हूऽऽ झालं अन् माहा पदर वढला त्यानं. नळाच्या तोंडाले चिकटला ना! झाडू टाकून पळाली मी."

"परत गेलात?"

"सहदेवच्या तावडीत? नाई बाप्पा!"

"आणि माणिकराव, तुम्ही?"

माणिकराव इथले जुने बाबू. त्यांनी चष्मा पुसला. "मी भूत मानत नाही, मॅडम. पण गेल्या आठवड्यात आवाज झाला तेव्हा मी त्या नळासमोरच उभा होतो. तोंडावर गारेगार फुंकर आली. हातातले कागद उडाले." मग महामायाकडे बघून म्हणाले, "बायकोचे धंदे पाहावत नसतील बिचाऱ्याले."

"पुऱ्या टायमापर्यंत पानी चालू असते, भाऊ," महामाया पुटपुटली. "वर काऊन पोचत नाई, मलेच समजत नाई."

"मेलेला माणूस सांगून थकला, तरी हिले समजत नाई!" म्हणत माणिकराव जेवायला घरी निघून गेले.

मंजुश्री महामायाकडे वळली. "व्हॉल्व्हच्या चाव्या किती आहेत?"

"दोन." महामायानं पायाशी ठेवलेली लांब लोखंडी चावी दाखवली. "ही एक. दुसरी छकुलीच्या बाबाची. त्या खोलीत, खिळ्याले टांगली."

"शेवटची कधी पाहिलीत?"

"तिथं जाते कोन, म्याडम?"

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

हूऽऽऽ.

झुंबरबाईंनी कानांवर हात ठेवले. महामायानं पायाशी ठेवलेली चावी उचलून घट्ट धरली. मंजुश्रीनं वळून पाहिलं, तर छकुलीची जागा रिकामी.

ती त्या खोलीत होती. नळापुढे चवड्यांवर उभी. "बाबा," ती म्हणत होती, "तुमच्या सायकलीचं चित्र काढलं मी. घ्या ना."

तिनं कागद पुढे धरला. नळानं तो घेतला.

खरंच घेतला! कागद तिच्या बोटांतून सुटला आणि नळाच्या तोंडाला जाऊन चिकटला.

"आई! बाबानं घेतलं!"

महामाया दारातच मटकन खाली बसली. मंजुश्री मात्र पुढे गेली. कागद सोडवला, परत धरला. परत चिकटला. मग तिनं भिंतीकडे पाहिलं. खिळा रिकामा होता.

ती छकुलीशेजारी उकिडवी बसली. "बेटा, पाण्याच्या दिवशी नळ काय करतो?"

"फुंकते."

"आणि आज?"

"ओढून राह्यला."

"हवा आत का जात असेल?"

छकुलीनं बराच विचार केला. मंजुश्रीनं घाई केली नाही.

"आतलं पानी कुठं तरी निंगून चाललं असन," छकुली हळूच म्हणाली. "म्हनून हवेले जागा झाली."

"झुंबरबाई!" मंजुश्री उठली. "या लाइनचा शेवटचा व्हॉल्व्ह खाली नाल्यापाशी आहे ना? शिपायाला घेऊन पळत जा. तिथे कोण आहे, बघून या."

आता तुम्हीही क्षणभर थांबा. सगळं तुमच्यासमोर आहे. कुणाचं नाव मनात आलं?

माणिकराव ढेकर देत परतले, तेव्हा मंजुश्री, महामाया आणि छकुली नळाच्या खोलीतच होत्या.

"माणिकराव, ती फुंकर कशी होती म्हणालात?" मंजुश्रीनं विचारलं.

"गारेगार. कागद उडाले."

"हा नळ फुंकत नाही. ओढतो. झुंबरबाईंचा पदर ओढला, आत्ता या पोरीचा कागद ओढला. इथे खरंच उभ्या राहिलेल्या माणसाला ते कळलं असतं. पण पाण्याच्या दिवशी गावातले सगळे नळ फुंकतात, म्हणून तुम्ही तसंच ठोकून दिलंत. आवाज व्हायचा तेव्हा तुम्ही इथे नसायचात."

"भुताचं काय, मॅडम! कधी फुंकते, कधी ओढते."

"पाणी सोडून झालं, तरी टेकडीवरून खाली गेलेला लांब पाइप भरलेला राहतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही खालचा व्हॉल्व्ह उघडून तो टँकरमध्ये रिकामा करता. म्हणून इथला नळ हवा ओढतो. पुढच्या वेळी रिकामा पाइप भरण्यातच वेळ जातो आणि वरची घरं कोरडी राहतात. भुताची भीती तुम्ही वाढवलीत, कारण खिळ्यावरची चावी कुणी पाहायला नको होती."

"चावी हिनंच नेली असन!"

"महामाया माझ्या डोळ्यांसमोर बसली होती. ती इथे असतानाच नळ रडला."

दारात झुंबरबाई धापा टाकत आल्या. हातात लोखंडी चावी. "तुमच्या साळ्याच्या टँकरमधी सापडली, बाबूजी! मले पाहून तो असा पळाला, का जसं मीच भूत!"

माणिकरावांनी चष्मा काढला. पुसला मात्र नाही.

छकुली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काका, माह्या बाबाचं नाव काऊन घेतलं?"

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मंजुश्रीनं अहवालाचा कागद पुढे ओढला. "महामाया, तुमची नोकरी कुठेही जात नाही. आणि वरच्या घरांना आजच पाणी सोडा."

सगळे सुटकेनं बोलू लागले. छकुलीनं मात्र आईचा पदर ओढला.

"आई, म्हंजे बाबा इथं नाईत?"

"नाई, माय."

"नव्हतेच?"

"नव्हतेच."

तेव्हा छकुलीनं आईच्या कुशीत तोंड खुपसलं आणि मोठ्यानं रडली. बाबा गेले त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. कुणी तिला गप्प केलं नाही.

बऱ्याच वेळानं तिनं फ्रॉकनं नाक पुसलं आणि आईचा हात धरून तिला उठवलं.

"चाल आई. वरचे लोकं वाट पाहून राह्यले."